सुपडाआबांची न मोजलेली आमराई

"आबा, पोरंबाळं किती तुम्हाला?"

जनगणनेला आलेल्या मास्तरांनी हा प्रश्न टाकला तेव्हा मी तिथेच होतो. आबांच्या विहिरीवरची मोटर जळली होती, तिचं वायंडिंग करून परत द्यायला गेलो होतो. आबा बाजेवर बसून काडीनं दात कोरत होते. त्यांनी अंगणाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हायेत बाप्पा. आंगन भरते."

"आंगण भरते असं लिहिता येत नाही हो आबा. आकडा सांगा."

"तुमीच लिहा ना मंग, तुमाले पाह्यजे तसा. मी कायले सांगू?"

मास्तर घाम पुसत माझ्याकडे पाहायला लागले.  शेवटी वच्छलाआजींनी चुलीपासूनच आकडा ओरडून सांगितला आणि मास्तरांची सुटका केली. आबा मात्र आजीवर असे रुसले की संध्याकाळची भाकर त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे आमच्या शेतांमधल्या बांधावर, येऊन माझ्या डब्यातली खाल्ली. खाताना पुटपुटत होते, "बुढीले अक्कल नाही. जित्या लेकराईचा आकडा सांगते का कोनी?"

सुपडाआबा जाऊन आता बराच काळ लोटला. त्यांचं शेत आणि माझं शेत एका धुऱ्यानं लागलेलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदहून आलेली एसटी जिथे वळून परत फिरते ते आमचं गाव. थांब्यापाशी माझं मोटर वायंडिंगचं दुकान, आणि दुकान बंद केलं की मी शेतात. त्यामुळे आबा मला रोज दिसायचे. डोक्याला मळकं मुंडासं, अंगात खिसा फाटलेली बंडी, आणि हातात बारा महिने काळी छत्री. पावसाची गरज नव्हती त्यांना छत्रीसाठी. छत्रीनं ते कुत्री हाकलायचे, बोरं पाडायचे, आणि कुणाशी वाद घालायचा असला की ती जमिनीत रोवून तिच्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहायचे. छत्री रोवली की समोरच्यानं समजायचं, आता तासभर सुटका नाही.

सुपडा हे नाव का, तेही सांगतो. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिला नवं मूल झालं की ते सुपड्यात, धान्य पाखडायच्या सुपात, घालायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही, अशी आमच्याकडे चाल. आबांच्या आईची चार लेकरं आधी गेली होती. पाचव्या खेपेला हे आले. सुपड्यात घातले, नाव सुपडा ठेवलं, आणि माउलीनं आणखी एक नेम केला. या लेकराला मोजायचं नाही. कुणी विचारलं, किती लेकरं तुला, तर म्हणायची, हाय एक जीव घरात. आबा सांगायचे, "मायनं चार मोजले, चारी गेले. मले मोजलं नाही म्हनून मी हावो." एवढं सांगून हसायचे. पण हसण्यावारी नेण्यासारखं त्यांच्यासाठी ते नव्हतं. उभ्या आयुष्यात त्या माणसानं आपलं काही मोजलं नाही. बैल नाही, कोंबड्या नाहीत, पोतीसुद्धा दुसऱ्याला मोजायला लावून स्वतः पाठ फिरवून उभे राहायचे.

आणि आमराई तर नाहीच नाही.

आमराई त्यांच्या आज्यानं लावलेली. विहिरीपासून नाल्यापर्यंत पसरलेली, सगळी गावरान आंब्याची झाडं. किती होती? मला ठाऊक नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. आबांना विचारलं तर ते नावं सांगत. विहिरीवरचा शेप्या, त्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास. पलीकडे खोबऱ्या. मग शेंदऱ्या, गोटी, साखऱ्या, आणि एक नुसताच 'म्हातारा', ज्याला दोन वर्षांतून एकदा फळ धरायचं, तेही आंबट ढाण. "त्याले कायले ठेवलं, आबा?" असं मी एकदा विचारलं, तर छत्री रोवून म्हणाले, "तुह्या घरी म्हातारा नाही का बे? तो कोनतं फळ देते?" माझे वडील तेव्हा दमेकरी होऊन खाटेवर होते. 

उन्हाळ्यात अख्खं गाव तिथे पडून असायचं. बाया शेवया करायला तिथे, पत्ते कुटणारे तिथे, लग्नाची बोलणी तिथे. गावाला आखाजीचे आंबे आबांच्या घरचे. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय नव्या आंब्याला कुणी तोंड लावत नाही. शेप्या तेवढा आधी पाडाला यायचा, जणू पितरांसाठीच. आबा गवतात आंब्याची माच, म्हणजे आढी, घालायचे आणि आखाजीच्या आदल्या दिवशी टोपली घेऊन दारोदार फिरायचे. मराठ्याचं घर, माळ्याचं घर, बौद्धवाड्यातली घरं, सगळीकडे. ओंजळ भरून द्यायचे. मोजून नाही. बौद्धवाड्यातला आमचा सरपंच एकदा म्हणाला, "आबा, आम्ही आखाजीचे पितर जेवू घालत नाही." तर आबा म्हणाले, "तू खाय ना मंग. तू काय पितराईपेक्षा कमी हायेस?"

स्वतःच्या घरी नैवेद्य दाखवायची त्यांची रीतही न्यारी. लोक पितरांच्या नावानं वेगवेगळी पानं मांडतात. आबा एक मोठी परात रसानं भरून अंगणात ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पितर किती हायेत, कोनं मोजलं? येतीन, बसतीन, खातीन. पंगतीले आपून पाट मोजतो का?" तशा परातीत रस ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आता यावरून तुम्हाला वाटेल, भोळा-भाबडा म्हातारा, अंधश्रद्धा, वगैरे. थांबा जरा. मोजणीची भीती आबांना एकट्या आईनं घातली नव्हती. सरकारनंही घातली होती.

आमच्या गावाच्या उत्तरेला डोंगराला लागून गायरान होतं. माझ्या लहानपणी सगळ्या गावाची गुरं तिथे चरत. एका वर्षी फॉरेस्टचे लोक आले. साखळी टाकून जमीन मोजली, कडेच्या झाडांना चुन्यानं नंबर टाकले. गावानं त्यांना दूध पाजलं, पिठलं-भाकर खाऊ घातली. "काही नाही हो, नुसती मोजणी," असं साहेब म्हणाले. पुढच्या वर्षी त्याच नंबरांच्या ओळीनं चर खोदला गेला आणि तारेचं कुंपण आलं. आत अभयारण्य, बाहेर आम्ही. आबांची कपिली गाय सवयीनं चर उतरून पलीकडे गेली, तर फॉरेस्टवाल्यांनी तिला हाकत नेऊन कोंडवाड्यात घातलं. आबा सोडवायला गेले तेव्हा ती गाभण गाय चाऱ्यावाचून आडवी झालेली. घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी गेली. आबांनी तिला शेप्याखाली पुरलं. तेव्हापासून गावात कुणी टेप घेऊन उतरलं की आबा छत्री रोवून विचारत, "काय मोजून राह्यले भाऊ?" समोरचा म्हणे, "काही नाही आबा, नुसतं..." की आबा म्हणत, "हाव. गायरानबी नुसतंच मोजलंतं."

कुंपण आम्हाला अडवत होतं, जनावरांना नाही. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं रोज आमच्या शेतात. डुकराला हात लावला तर गुन्हा. मका अशी लोळवायची डुकरं की सकाळी बघवत नव्हतं. पण आबांनी त्यातूनही करमणूक काढली. ते डुकरांना 'साहेब' म्हणत. राखणीच्या माळ्यावर बसून, हातात पत्र्याचा डबा घेऊन हाका मारत, "या साहेब, या! मका कशी हाये? कवळी हाये का? बसा, जेवा, घाई नोका करू!" मी माझ्या धुऱ्यावर हसून हसून मरायचो. एकदा खरोखरचे साहेब नुकसानीच्या पंचनाम्याला आले आणि आबा वरून ओरडले, "या साहेब, या!" तेव्हा माझी काय अवस्था झाली ते विचारू नका. साहेबांना फार मान मिळाल्यासारखं वाटलं. पंचनामा झाला. भरपाई आली नाही. आबांनी पुन्हा अर्ज केला नाही.

आणि मग मॅडम आल्या.

पुण्याहून आलेल्या, तरुण, झाडांवर शिकलेल्या. नीरजा त्यांचं नाव, पण गाव त्यांना मॅडमच म्हणे. कुठल्याशा पर्यावरणाच्या संस्थेचं काम करत. मी आधीच सांगतो, बाई वाईट नव्हती. इथे काही लोक अजून तिच्या नावानं बोटं मोडतात, मी मोडत नाही. उन्हातान्हात एसटीनं यायची, मिळेल ते खायची, बायांबरोबर पाणी भरायची. आबांची आमराई पाहिली आणि ती वेडीच झाली. झाडाच्या बुंध्याला हात लावून फिरायची. आबांनी तिला सगळ्यांची नावं सांगितली, आणि पुढच्या खेपेला तिनं ती न चुकता म्हणून दाखवली. म्हाताऱ्यासकट. आबा इतके खूश झाले की तिला घरी नेऊन पुरणपोळी खाऊ घातली. मला म्हणाले, "पोरगी चांगली हाये बे. सरकारी नाही वाटत."

त्या दिवाळीनंतर बातमी आली की अभयारण्याच्या भोवतीच्या गावांवर संवेदनशील पट्टा येणार. म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तालुक्याहून एक साहेब आले आणि शाळेत सभा झाली. साहेबांनी कागदावरून बराच वेळ वाचलं. लोकांनी विचारलं, विहीर खोदता येईल का? साहेब म्हणाले, नियमानुसार. मोटर बसवता येईल का? नियमानुसार. बांधावरचं आपलं झाड तोडता येईल का? परवानगी घेऊन, नियमानुसार. प्रत्येक उत्तराबरोबर एकेक माणूस उठून बाहेर जाऊन बसत होता. शेवटी आबांनी छत्री रोवली.

"साहेब, माहा आंबा माहाच राह्यते ना?"

"तुमचाच राहणार, आजोबा. फक्त त्याची नोंद होईल."

 आबांनी छत्री उपटली आणि ते चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मॅडम आमराईत आल्या. मी धुऱ्यावर होतो, सगळं ऐकू येत होतं. त्या समजावत होत्या, "आजोबा, घाबरू नका. मी तर म्हणते, या झाडांची नोंद व्हायलाच हवी. इतकी जुनी गावरान जात आता कुठे राहिली आहे? एकदा नंबर पडले, नोंद झाली, की मग यांना कुणीही तोडू शकणार नाही."

"कोनीच नाही?"

"कुणीच नाही."

"मीबी नाही?"

मॅडम हसल्या. "तुम्ही कशाला तोडाल?"

"मी नाही तोडनार. माह्या आज्याची झाडं हायेत, मी कायले तोडू? पन बाई, तोडता आलं पाह्यजे ना. तोडता येते म्हनून माहं हाये. तोडता येत नाही म्हंजे मंग मी कोन? राखनदार?"

 मॅडम म्हणाल्या, "आपण नंतर बोलू." आणि मला वाटतं, त्या खरोखरच नंतर बोलणार होत्या.

पण गाव थांबलं नाही. सभेनंतर चौथ्याच दिवशी लाकडाचा एक व्यापारी ट्रक आणि करवतीची मशीन घेऊन थांब्यावर उतरला. माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर चहा पीत त्यानं एवढंच म्हटलं, "नंबर पडला की झाड सरकारचं. मग पाला तोडायलाबी अर्ज करा." बास. त्याला जास्त बोलावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बांधावरचे निंब, बाभळी, मोह, कवठ सगळं पडायला लागलं. आयुष्यभर त्या निंबाखाली जेवलेल्या माणसांनी निंब पाडले. दिवसभर मशीनचा आवाज. मला वाटे, आपल्या गावाला लागलंय तरी काय?

आबा गावभर शिव्या देत फिरत होते. "भेकडहो! अजून कोनी आलं नाही, गेलं नाही, अन् तुमी आपल्याच हातानं मयत करून राह्यले!" व्यापाऱ्याला तर त्यांनी छत्री घेऊन थांब्यापर्यंत पिटाळलं. माझ्या दुकानात येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "दिगू, माह्या आमराईले हात लावन त्याचा हात तोडीन." मी म्हटलं, "तुमच्या आमराईला कोण हात लावते आबा." तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

संक्रांतीला आबा आणि आजी लेकीकडे संग्रामपूरला गेले. घरी मुलगा पल्हाद. मॅडम आपल्या संस्थेची पोरं-पोरी घेऊन आल्या. सगळ्या गावात झाडं पडताना पाहून त्या घाबरून गेल्या होत्या, आमराई तरी वाचवू म्हणून धावत आलेल्या. पल्हादला त्यांनी विचारलं. पल्हाद सरळ माणूस. म्हणाला, "मोजा ना. मोजल्यानं काय होते?" सगळ्यांना चहा पाजला. घरधन्याचा मुलगा हो म्हणाला, म्हणजे घर हो म्हणालं, असं त्या पोरीनं धरलं. तिच्या जागी कुणीही तेच धरलं असतं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक बुंध्यावर पांढरा पट्टा आणि त्यावर लाल नंबर. नाल्याकडून सुरुवात केली आणि शेवटचा नंबर पडला शेप्यावर. आमराईत झाडं किती, ते गावाला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. तो आकडा मला पाठ आहे. मी इथे लिहिणार नाही.

आबा दोन दिवसांनी परतले. एसटीतून उतरून थेट शेतात गेले, कुणी सांगितलं असावं. मी मागोमाग गेलो. ते शेप्यासमोर उभे होते. त्या वर्षी मोहोर असा आलेला की पानं दिसत नव्हती, सगळीकडे वास. आबांनी बोटानं नंबर पुसून पाहिला. रंग वाळला होता.

"आबा, खरवडून टाकू आपण," मी म्हटलं. "विळा आणतो मी."

"खरवडून काय होते बे? त्याईच्याजवळ तर आकडा गेला."

"अहो, पण मॅडम म्हणतात, वाचवायसाठीच..."

"ते खोटं नाही बोलत," आबा म्हणाले. "गायरानवाला साहेबबी खोटं नाही बोलला. पिठलं खाऊन गेलता बिचारा. मोजनारा कधीच खोटा नसते दिगू. त्याच्या मांगून येनारा वेगळा असते."

एवढं बोलून ते खाली बसले.  आता मोटर जळली तर मी तार बदलू शकतो. याला काय करायचं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः त्या व्यापाऱ्याला निरोप धाडला.

वच्छलाआजी पाया पडल्या. पल्हाद रडला, म्हणाला, "माहं चुकलं, पन झाडाईचं काय चुकलं?" आबांनी कुणाचं ऐकलं नाही. हळद-कुंकवाचं ताट घेऊन ते एकेका झाडापाशी गेले. नंबरच्या वर कुंकू लावलं, बुंध्याला कपाळ टेकवलं, नाव घेतलं. खोबऱ्या. शेंदऱ्या. गोटी. म्हाताऱ्यापाशी जरा जास्त थांबले. मग म्हणाले, "लाव मशीन."

मोहोरानं भरलेलं झाड पडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कुणी पाहू नये. पिवळी धूळ उठते आणि मधमाश्या बराच वेळ त्या रिकाम्या जागेत फिरत राहतात. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच समजेना. व्यापाऱ्यावर? साहेबावर? त्या पोरीवर? या हट्टी म्हाताऱ्यावर? मी घरी येऊन भरल्या ताटावरून उठलो आणि परत शेतात गेलो.

मॅडमना कुणीतरी फोन केला होता. त्या आल्या तेव्हा एकटा शेप्या उभा होता आणि त्याच्या मुळाशी मशीन लागली होती. त्या धावत धावत आल्या आणि ओरडल्या, "आजोबा, थांबवा! थांबवा हो!" शेप्या आडवा झाला. कपिली गाईला पुरलं होतं त्याच जागेवर त्याच्या फांद्या आल्या. मॅडम तिथेच मातीत बसून रडायला लागल्या.

आबा छत्री टेकत त्यांच्यापाशी गेले. मला वाटलं, आता हा माणूस तिला काहीतरी भयंकर बोलणार. पण त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"मोज बाई आता," ते म्हणाले.

मॅडम परत गावात आल्या नाहीत. त्यांना तरी कोणत्या तोंडानं या म्हणणार होतो आम्ही?

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना तोंड कडू होतं. व्यापाऱ्यानं लाकूड उचलायच्या आतच फॉरेस्टचा गार्ड आला. परवानगीशिवाय आंबा तोडला म्हणून गुन्हा, लाकूड जप्त. व्यापारी असा गायब झाला की त्याचा फोनसुद्धा लागेना. गार्डानं आबांच्या समोर एकेका ओंडक्यावर पुन्हा नंबर टाकले आणि ट्रॅक्टर भरून नाक्यावर नेले. आबा धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. मला म्हणाले, "पाह्य दिगू. मोजूनच नेले का नाही?" त्यांना वाटत होतं की आपलं खरं झालं.  ते ओंडके नाक्यावर पडून पडून पावसात सडले. त्यातलं एक लाकूडही कुणाच्या चुलीत गेलं नाही.

आणि तो संवेदनशील पट्टा? तो आलाच नाही आमच्याकडे. उन्हाळा लागता लागता पक्की बातमी कळली की हद्द नाल्याच्या पलीकडेच थांबली. आमचं गाव त्यात कधी नव्हतंच म्हणे. सरपंचानं ही बातमी माझ्या दुकानात आणली तेव्हा आबा बाकावर बसले होते. सरपंच सांगून मोकळा झाला आणि मग त्याला आबा दिसले. त्याचा चेहरा पडला. आबांनी ऐकलं, मान हलवली. म्हणाले, "अवंदा नाही, पुढच्या साली येईन." आणि छत्री विसरून निघून गेले. मी ती मागून पोचवली.

तेव्हापासून आबा दुपारी शेतात गेले की शेप्याच्या उरलेल्या खुंटावर छत्री उघडून बसायचे. दुसरी सावलीच नव्हती. गावातलं कुणी तिकडे फिरकत नसे. बाया शेवया घरीच करायला लागल्या, पंख्याखाली.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते आखाजीच्या आदल्या दिवशी, जळगाव जामोदच्या बाजारात. मी तांब्याची तार आणायला गेलो होतो. बसस्टँडजवळ आंब्याच्या हातगाडीपाशी छत्री घेतलेले आबा दिसले. हाक मारणार होतो, पण मारली नाही. सगळ्या गावाला आखाजीचे आंबे देणारा माणूस आंबे विकत घेताना आपल्याला दिसलेला त्याला आवडणार नाही, असं वाटलं. मी पानाच्या टपरीआड उभा राहिलो.

गाडीवाला उत्साहात होता. "बोला बाबा, कोनता देऊ? लालबाग हाये, बदाम हाये, केसर हाये."

आबांनी एक आंबा उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला.

"कोनताबी दे," ते म्हणाले.

"किती किलो?"

"किलो नाही. नग पाह्यजेत."

"किती नग?"

आबांनी छत्री काखेत धरली. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि ते हळूहळू मोजायला लागले. आवाज मोठा नव्हता, पण ओठ दिसत होते मला. "बाप एक. माय दोन. अन् ते चार." अंगठा पेरांवर पुन्हा एकदा पहिल्यापासून फिरला. कुठे चूक होऊ नये, असा चेहरा होता त्यांचा.

"सहा दे," ते म्हणाले.

गाडीवाल्यानं सहा आंबे प्लास्टिकच्या पिशवीत टाकले. आबांनी पिशवी उघडली, आत बोट घालून ते पुन्हा मोजले, आणि एसटीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.